चंद्री पुलावर अडली ते वर्ष

आमच्या मोठ्या पुलावर देवदिवाळीच्या सकाळी आधी म्हशीनं पलीकडे जायचं, मग गावानं चालायचं, असा रिवाज आहे. आता त्याला पदयात्रा म्हणतात. पोलादपूरच्या नाक्यावर बॅनर लागतो, त्यावर म्हशीच्या शेपटीलाही कधी हात न लावलेल्या माणसांचे हसरे फोटो असतात, आणि आमच्या वाडीची मुंबईकर पोरं एका रंगाचे टी-शर्ट घालून, मोबाइल डोक्यावर धरून पूल चालतात. माझा भाचा मला दरवर्षी त्याचा व्हिडिओ पाठवतो. मी महाडला माझ्या बाल्कनीत बसून तो बघते. म्हैस अजून पुढे असते, तिच्याही पुढे तिची धार काढणारी बाई असते, आणि मागे पाच-सहाशे माणसं गप्प उभी असतात. तेवढा भाग बाकीचे लोक पळवत पुढे नेतात, कारण त्यात काही घडत नाही. मी मात्र तेवढाच बघते, आणि संपला की पुन्हा मागे नेऊन बघते.

पूल झाला तेव्हा मी जन्मायची होते. आमची टेपवाडी डोंगराच्या माथ्यावर, बारा-पंधरा घरांची, सगळी गुरं राखणारी. खाली नदी, आणि नदीपलीकडे भातशेतीचं मोठं गाव. शाळा, दुकान, एसटी, सगळं तिकडे. नदी फुगली की चार महिने आम्ही इकडे आणि जग तिकडे. म्हणून सात उंच खांबांवर तो पूल बांधला गेला, इतका लांब की या टोकाची हाक त्या टोकाला जेमतेम पोचते. पण बांधून झाल्यावर त्यावर पाय ठेवायला कुणी तयार होईना. मोठ्या पुलाला जीव द्यावा लागतो असं कुणीतरी कुजबुजलं होतं, आणि असल्या गोष्टी पसरायला आमच्याकडे रस्ता लागत नाही. तीन आठवडे पूल नुसता उभा होता आणि माणसं खालून पाण्यातून जात होती. मग एका सकाळी आमच्या आजोबांच्या म्हशीचं पारडू हुंदडत पुलावरून पलीकडे गेलं आणि तिथे ओरडू लागलं. म्हैस कुणाला न विचारता सरळ त्याच्या मागे चालत गेली. म्हशीच्या मागे आजोबा गेले, आजोबांच्या मागे वाडी गेली. जनावर खोट्या जमिनीवर पाय देत नाही, हे खालच्या गावाला समजावून सांगावं लागलं नाही. तो दिवस देवदिवाळीचा होता.

तेव्हापासून दरवर्षी एका घराची म्हैस, पाळीपाळीने. नियम थोडे होते पण कडक होते. म्हशीला दोर नाही, जवळ काठी नाही, तोंडापुढे चारा नाही. पुढे फक्त तिची धार काढणारी बाई, तिने हाक मारत चालायचं, पुलावर दुसरं कुणी नाही. म्हशीच्या धन्यानं आधीच खालून नदीतून पलीकडच्या टोकाला जाऊन उभं राहायचं, म्हणजे त्यानं मागून हाकलली असं कुणी म्हणायला नको. म्हैस पलीकडे पोचली की आम्ही सगळे चालत जायचो, खालचं गाव सामोरं यायचं, आणि दोन्हीकडची माणसं मिळून पुन्हा एकदा सगळा पूल पायी चालायची. म्हैस तीनदा मागे फिरली तर त्या वर्षी कुणीच चालायचं नाही, पण तसं कधी झालं नव्हतं. या चालण्याला आणखी एक गोष्ट बांधलेली होती. म्हैस पलीकडे गेली की त्याच दिवसापासून खालच्या शेतांमधली पाणंद आमच्या गुरांना मोकळी. ती पाणंद नदीच्या डोहापर्यंत जाते. होळीनंतर आमच्या डोंगरावरचे झरे आटतात, नदीही आटते, डोह तेवढा भरलेला असतो, आणि आमच्या बाजूने तिथे कडा आहे, गुरं उतरत नाहीत. ती पाणंद नसेल तर उन्हाळ्यात वाडीची जनावरं तहानेनं मरतील, इतकं ते साधं होतं.

माझ्या नववीच्या वर्षी पाळी आमच्या घराची आली आणि त्याच वर्षी आप्पांनी कुरकुर सुरू केली. आप्पा म्हणजे खालच्या गावातले सगळ्यांत मोठे शेतकरी. पाणंद बहुतेक त्यांच्याच शेतांतून जायची. भात कापल्यावर जमिनीत ओल असते, तिच्यावर त्यांना वाल पेरायचे असत आणि आमची गुरं येता-जाता त्या वालावर तोंड मारत. माणूस वाईट नव्हता. त्यांचं पोट वालावर होतं आणि आमचं म्हशींवर, एवढंच. दिवाळी झाल्यावर ते स्वतः पूल ओलांडून, डोंगर चढून वाडीवर आले, आमच्या ओट्यावर बसले, दोन पेले ताक प्याले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "हे बघ, रिवाज मोडायचं पाप मी घेणार नाय. पण यंदा म्हस अडली तर मी पाणंदीवर बांध घालतो आणि वाल पेरतो. मग उन्हाळ्यात माझ्या दारात येऊन रडायचं नाय."

"अडायला काय झालं, आप्पा? चंद्री हाय ती," वडील म्हणाले.

"चंद्री हाय, पण तिची मालकीण पडलीय ना."

घरात अंथरुणावर पडलेली आई तिथूनच म्हणाली, "माझी पोरगी नेल तिला."

मी चुलीपाशी कुळथाचं पिठलं ढवळत होते. ते ऐकून माझा हात थांबला आणि पिठलं खाली लागलं. रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी ते करपट पिठलं नाचणीच्या भाकरीबरोबर मुकाट्यानं खाल्लं, कुणी मला बोललं नाही. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

आई दिवाळीच्या आधी आठ दिवस पडली होती. गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतरताना कातळावरून पाय घसरला आणि उजवी नडगी मोडली. चार माणसांनी घोंगडीच्या डोलीत घालून तिला पुलापलीकडे नेलं, तिथून जीपमधून महाडला. मांडीपर्यंत प्लास्टर घालून ती परत आली. तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही, टेकवलात तर हाड सरकेल आणि मग माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई पडली आणि आमच्या घराचे आवाजच बदलले. माझी झोप उघडायची ती चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानं, आधी पत्र्यावर पडल्यासारखा टणटण आणि मग चरवी भरत आली की भरीव, मऊ. पाठोपाठ रवीची घरघर, जात्याची घरघर, आणि सगळ्यांवर आईची बडबड. ती चंद्रीशी आमच्यापेक्षा जास्त बोलायची. आता सकाळी नुसतं कोंबडं आरवायचं आणि आई आढ्याकडे बघत पडलेली असायची.

चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेली, अंगानं दांडगी आणि स्वभावानं आमच्या आत्यासारखी. एकदा मनात धरलं की धरलं. आईशिवाय तिने कुणाला कासेला हात लावू दिला नव्हता. पहिल्या सकाळी मी बसले तर तिने लाथेनं चरवी उडवली. दुपारपर्यंत कास तट्ट फुगली आणि ती हंबरू लागली, आतून आई कळवळायला लागली. शेवटी आई म्हणाली, "माझं लुगडं घे गो, खुंटीवरचं. ते नेस, डोक्यावरनं पदर घे, नि तोंडातनं शब्द काढू नको." ते आईचं गोठ्यातलं लुगडं. कधीकाळी हिरवं असावं. त्याला दुधाचा, शेणाचा, धुराचा आणि आईच्या घामाचा असा वास होता की ते अंधारातही ओळखता आलं असतं. मी ते नेसून कासेपाशी बसले. चंद्रीनं मान वळवून पदर हुंगला, एक मोठा उसासा टाकला आणि पान्हा सोडला. गुरं राखणाऱ्यांच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात नवल काही नाही. नवल एवढंच की त्या लुगड्यात बसून मला पहिल्यांदा कळलं, आई रोज किती वेळ किती अवघडून बसत होती.

मग सकाळ-संध्याकाळ ते लुगडं माझ्या अंगावर. सकाळची धार काढून, डोंगर उतरून, पूल ओलांडून मी शाळेत जायची. कितीही साबण लावला तरी केसांना वास राहायचा. माझ्या पुढच्या बाकावर आप्पांची सुनंदा बसायची. ती काही बोलायची नाही, फक्त रुमाल काढून नाकाशी धरायची, आणि तिच्या शेजारच्या दोघी खुदकन हसायच्या. मी नंतर तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात कुणी नाकाला रुमाल लावला की मी इतकी चिडायची की मुलं चकित व्हायची.

देवदिवाळीच्या दोन दिवस आधी मुंबईहून माझा मोठा भाऊ आला. दादा तिकडे एका कँटीनमध्ये होता आणि दर खेपेला चार नवे शब्द घेऊन यायचा. त्यानं माझ्यासाठी आकाशी रंगाचा पंजाबी ड्रेस आणला होता, बाह्यांना चंदेरी काठ असलेला. वाडीत कुणाकडे तसा कपडा नव्हता. मी तो छातीशी धरून उभी राहिले. आईनं अंथरुणावरून हात पुढे करून कापड चाचपलं आणि म्हणाली, "छान हाय. पण पुलावर लुगडं नेसायचं, ध्यानात ठेव. चंद्री त्याच्याच मागं येते."

"काय आय, तू पण! म्हस काय कपडे बघते?" दादा म्हणाला. "महिनाभर हिनंच धार काढलीय. आता ती हिला वळखते. टेन्शन कशाला घेते?"

"टेन्शन तुला ठेव," आई म्हणाली. "लुगडं नेसायचं."

मी हो म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं होतं.

देवदिवाळीच्या सकाळी नदीवर धुकं होतं. घरोघर घावन्यांचा वास सुटला होता. मी अंगात नवा ड्रेस घातला आणि त्यावरून लुगडं गुंडाळलं. वडील चंद्रीच्या शिंगांना तेल लावून आधीच पुढे निघून गेले, त्यांना पलीकडच्या टोकाला आप्पांशेजारी उभं राहायचं होतं. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी वाडीत फक्त गुरं-कोंबड्या राहायच्या. म्हातारी-कोतारी, आजारी, बाळंतीण, सगळ्यांना खाली न्यायचं अशी पद्धत, म्हणून आईलाही डोलीत घातलं. मी चंद्रीला घेऊन पुढे, आणि मागून, डोंगराच्या वळणावळणानं, डोली खाली येत होती.

पुलाच्या अलीकडे एक जुना करंज आहे. तिथवर आले तर समोर पुलाच्या तोंडाशी आमच्या शाळेचं, नदीतल्या खडकांवरून अलीकडे आलेलं लेझीमपथक उभं होतं. त्या वर्षी नवीनच टूम, म्हैस पोचली की लोकांच्या पुढे लेझीम खेळत जायचं. पांढरे कपडे, लाल रिबिनी, आणि पहिल्याच रांगेत सुनंदा. अजून कुणी मला पाहिलं नव्हतं, मध्ये करंजाचं खोड होतं. मी स्वतःकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत शेणाचे डाग, फाटका काठ, आणि आतून आकाशी रंग डोकावत होता. चंद्री करंजाची पडलेली पानं हुंगत होती. महिन्याभरात ती मला ओळखायला लागली असणारच, दादा म्हणतो ते खरंच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. दहा मोजेपर्यंत लुगडं माझ्या अंगावरून उतरलं होतं. मी त्याची घडी घातली आणि करंजाच्या मुळांत खोचून ठेवली. मागे कुणी नव्हतं. दूर वर, वळणावर, माणसांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

मी पुढे गेले तेव्हा सुनंदानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "किती छान आहे गं ड्रेस!" दोन वर्षांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला काय वाटलं ते आज लिहितानाही लाज वाटते. मला त्या क्षणी डोह, पाणंद, आई, काही आठवत नव्हतं. मी खुशीत होते.

वाडी जमली. आईची डोली पुलाच्या तोंडाशी उतरवली. ढोल सुरू झाला. मी पुलावर पाऊल ठेवलं आणि आईची हाक जशीच्या तशी मारली, "ये बाय, ये ये, चंद्री!" चंद्री आली. माझ्या मागे तिचे खूर डांबरावर वाजत होते आणि प्रत्येक पावलाला मला हायसं वाटत होतं. एक खांब झाला, दुसरा झाला. तिसऱ्या खांबावर पुलाला आडवी लोखंडी पट्टी आहे. तिथे खुरांचा आवाज थांबला. मी हाक मारली. चंद्रीनं पट्टी हुंगली, मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग शांतपणे वळली आणि आल्या वाटेनं परत गेली. मागे कुणीतरी हसलं. पलीकडच्या टोकाला धुक्यात आप्पांचा एक हात वर झाला, म्हणजे एकदा फिरली.

दुसऱ्यांदा ती पट्टीच्या पुढे आली. मी मागे सरकत, तिच्याकडे तोंड करून, हाका मारत होते. ती अगदी माझ्याजवळ आली, मान लांब केली आणि माझ्या बाहीला नाक लावलं. दादानं मुंबईहून पावडरही आणली होती, तीही मी फासली होती. चंद्री जोरात फुरफुरली, झटक्यानं मागे झाली आणि गर्रकन वळली. तिचं शिंग कठड्याच्या लोखंडी नळीवर आदळलं आणि सगळा पूल वाजला. तिच्या अंगाच्या धक्क्यानं मी कठड्यावर जाऊन पडले, कमरेच्या वरचं अंग बाहेर. खाली नदीतले खडक दिसले, फार खाली, आणि त्यांच्यामधून पाण्याची बारीक रेघ. कशीबशी सावरून उभी राहिले तेव्हा चंद्री धावत परत निघाली होती आणि लेझीमच्या मुली किंचाळत बाजूला होत होत्या. पलीकडे आप्पांचे दोन्ही हात वर होते. वडील त्यांच्या शेजारी तसेच उभे होते. त्यांना पुलावर पाय टाकायची मुभा नव्हती.

मी परत आले. सगळे चंद्रीकडे बघत होते, ती तोंडाला फेस आणून उभी होती. दादा माझ्याजवळ आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "लुगडं कुठं हाय? आण ना पटकन, जा."

करंज माझ्यापासून पन्नास पावलांवर होता. पन्नाससुद्धा नसतील. जायचं, मुळांतून ते लुगडं काढायचं, सगळ्यांसमोर या आकाशी ड्रेसवरून नेसायचं, एवढंच. सुनंदा माझ्याकडेच बघत होती. आणि लुगडं काढून आणलं की मी ते उतरवून ठेवलं होतं हेही सगळ्यांना कळणार होतं.

"काय गो, काय झालं तिला?" डोलीतून आईनं विचारलं.

मी म्हणाले, "ढोलाला बुजली."

आईनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही, मला तो फार मोठा वाटला. मग ती ढोलवाल्यांना म्हणाली, "ढोल बंद करा रे." ढोल बंद झाला. खाली नदीचा आवाज ऐकू येऊ लागला. मी जागची हलले नाही. आईनं आणखी थोडा वेळ जाऊ दिला आणि डोली उचलणाऱ्यांना म्हणाली, "मला उभी करा."

"वहिनी, डागदरनं काय सांगितलंय?"

"डोहावाचून जनावरं मेली तर डागदर येणाराय काय? उभी करा."

दोघांनी बगलेत हात घालून तिला उभं केलं. कुणीतरी हातात काठी दिली. तिनं ती परत केली. मग ती दोघांचे हात सोडवून कठड्याला धरून पुलावर गेली. प्लास्टरचा पाय तिनं टेकवला तेव्हा तिच्या तोंडून आवाज आला नाही, पण तिची मान ताठ झाली, ती मला मागून दिसली. "चल बाय," ती चंद्रीला म्हणाली, हाक नव्हती ती, शेजारणीला म्हणावं तसं. चंद्री निघाली.

आई एक पाऊल टाकायची, थांबायची, दुसरं टाकायची. चंद्री तिच्या पाठीला नाक लावून चालत होती. आई थांबली की थांबत होती. पट्टी कधी ओलांडली ते चंद्रीला कळलंही नसेल. पलीकडून आप्पांचा आवाज आला, त्यांनी जीव तोडून ओरडून सांगितलं, "वहिनी, काठी घ्या! माझं काय म्हणणं नाय, काठी चालंल!"

"नको आप्पा," आई तितक्याच मोठ्यानं म्हणाली. "उद्या कोणतरी म्हणंल, काठीनं नेली."

चौथ्या खांबावर ती थांबली ती बराच वेळ हललीच नाही. कठड्यावर डोकं टेकून उभी राहिली. चंद्री तिच्या मागे उभी. दादा पुढे जाऊ लागला तसा वाडीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. दुसरं माणूस पुलावर गेलं असतं तर आईची तोवरची पावलं फुकट गेली असती. मी मनात म्हणत होते, देवा, तिला चालव. मग म्हणत होते, देवा, तिला बसव, जाऊ दे तो डोह. आई पुन्हा चालू लागली. आता ती पाय टाकत नव्हती, ओढत होती, आणि डांबरावर प्लास्टर घासल्याचा आवाज धुक्यातून आमच्यापर्यंत येत होता.

धुकं विरत आलं तेव्हा ती पलीकडे पोचली आणि वडिलांच्या अंगावर कोसळली. चंद्री पुढे होऊन बांधावरचं गवत खाऊ लागली. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. पाणंदीच्या तोंडाशी काटेरी फांद्या आणून ठेवल्या होत्या, बंद करायची म्हणून. त्या त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून बाजूला केल्या. मग सगळी माणसं चालली. पुढे लेझीम, मागे आम्ही. मी त्या पुलावरून चालले, पण कुणाबरोबर, कशी, काही आठवत नाही. संध्याकाळी मी करंजाच्या मुळांतून लुगडं काढलं आणि धार काढायला बसले.

महाडच्या डॉक्टरांनी नवं प्लास्टर घालता घालता आईला यथेच्छ झापलं. हाड सरकलं होतं ते सरकलंच. उजवा पाय दोन बोटं आखूड राहिला, आणि त्या पायानं तिनं पुढे पस्तीस वर्षं तो डोंगर चढला-उतरला, गवताचे भारे घेऊन. तिची चाल लांबूनही ओळखू यायची. दादानं लुगड्याचा विषय पुन्हा काढला नाही, त्यालाही आपलं बोलणं आठवत असणार. सुनंदा दहावीपर्यंत माझी मैत्रीण होती. आणि वाडीनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून एक नवा नियम केला: म्हैस पलीकडे पोचेपर्यंत ढोल वाजवायचा नाही. तो अजून पाळतात. आता ढोलाबरोबर डीजे असतो, तोही बंद करतात. भाच्याच्या व्हिडिओत दिसतं, ढोलवाली पोरं टिपऱ्या खाली करून उभी आहेत, कुठे खोकल्याचा आवाज नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना कुणीतरी कौतुकानं सांगत असतं की इथली म्हैस ढोलाला बुजते, फार जुनी प्रथा आहे.

आई गेली त्याच्या आधीच्या वर्षी ती माझ्याकडे महाडला राहायला होती. देवदिवाळीला व्हिडिओ आला तेव्हा ती खुर्चीत बसून बिरडं सोलत होती, आखूड पाय स्टुलावर. मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि हसून म्हणाली, "अजून ढोल बंद ठेवतात काय गो?"

ते हसू मला सहन झालं नाही. मी फोन बाजूला ठेवला. तोवर माझी नोकरी संपली होती, मुलं मार्गी लागली होती, आणि एवढी एक गोष्ट तोंडातून निघत नव्हती. मी म्हणाले, "आई, चंद्री ढोलाला बुजली नव्हती. मी लुगडं काढून ठेवलं होतं."

आई वालाचं साल काढत राहिली. "म्हायती हाय," ती म्हणाली. "डोली वळणावर व्हती ना. धुकं नदीवर व्हतं, वरनं दिसत व्हतं. तू करंजाखाली वाकलीस तेपण दिसलं."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस? मला पाठवायचं होतंस."

"तुझं तू जाशील म्हणून थांबले व्हते," आई म्हणाली. "म्हस दोनदा फिरली, तरी थांबले. ढोल बंद केला, तरी थांबले." सोललेला वाल तिनं वाटीत टाकला आणि दुसरा घेतला. "तू नाय गेलीस. मग उठले."